डोक्यावर नाही, पायात

“मावशी, तुम्ही इथेच बसा ना. चपलांपाशी. तुम्हाला काय, सवयच आहे.”

असं म्हणाल्या बाई. हॉलच्या दारात, चारचौघांत. हसून म्हणाल्या, हेही लिहून ठेवते. रागानं म्हणाल्या असत्या तर मी तिथंच समजून गेले असते.

मी ठेवणीतलं जांभळं इरकल नेसून गेले होते. पायात मी स्वतः शिवलेला जोड. त्या दिवशी मला स्टेजवर बसायचं होतं, माझं नाव पुकारणार होते. पंधरा दिवस मी बोलायचं पाठ करून राहिले होते. भाकरी थापताना, नळावर, रस्त्यानं चालताना. सून म्हणायची, “आत्या, तव्यावरली भाकर जळली, आता तिलाच ऐकवा तुमचं भाषण.”

मला आधी वाटलं, बाई थट्टा करतात. अकरा वर्षांची ओळख. मी म्हनलं, “बसते की. मंग भाषण काय ह्या चपला करतेत?”

बाईंनी हातातल्या कागदाकडं बघितलं. “पाहुणे जास्त आलेत हो. खुर्च्या कमी पडल्या. आणि मागच्या वेळी एका साहेबांचे बूट गेले. तुमच्याइतकं विश्वासाचं कोण आहे मला?”

विश्वासाचं.

आन् त्या आत गेल्या. दाराबाहेर साठ-सत्तर जोड पडलेले, उलटेसुलटे. मी भिंतीला टेकून खाली बसले. हो, बसले. खोटं कशाला लिहू? तडक उठून घरी गेले नाही. पाय आपोआप दुमडले. चाळीस वर्षं पायताणापुढं बसलेलं अंग, जोड दिसला की बसतंय. बाईंच्या बोलण्याची चीड येते. पण त्या बसण्याची जास्त येते, अजूनही.

बाई कोण ते सांगते. नांदेडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. कॉलेजच्या फाटकासमोर लिंबाखाली माझी बसायची जागा. मालक होते तोवर ते बसायचे, ते गेल्यावर आरी-रापी माझ्या हातात आली. बाया हे काम करत नाहीत म्हणतात. करतात. पोट असलं की करतात.

अकरा वर्षांमागं बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. गिऱ्हाईक उभं राहतं, एक पाय वर धरून बगळ्यासारखं. बाई बसल्या. माझ्या शेजारी, माझ्याच पोत्यावर. मी म्हनलं, “अवो, साडी खराब व्हईल.” तर म्हणाल्या, “होऊ द्या.” जमीनजुमल्याच्या घरातली लेक, पण माझ्या किटलीतला चहा माझ्याच कपात प्यायली. मंग सारख्या येऊ लागल्या. अर्धापूरला माहेर, तिकडून येताना केळाची फणी आणायच्या. सुनेच्या बाळंतपणात दवाखान्यात येऊन बसल्या. मी त्यांना बाई म्हणायचे, पण मनात धाकटी बहीण धरली होती.

वाचायला मी माझी मीच शिकले. शाळा झाली ती पहिलीची अर्धी. अक्षरं शिकवली बुटांच्या खोक्यांनी, पुड्याच्या कागदांनी आन् समोरून जाणाऱ्या एसटीच्या पाट्यांनी. आपलं आपण जुळवून वाचलेला पहिला लांब शब्द ‘हिमायतनगर’. त्या आनंदात मी एका मास्तरच्या बुटाला सोल उलटा शिवला. पण पुस्तकं दिली ती बाईंनी. “हे वाचा, मावशी. मग आपण बोलू.” आम्ही बोलायचो. आन् एकदा मी त्यांना ती गोष्ट सांगितली. जी मी मालकाला सांगितली नव्हती, पोराला नव्हती.

आमचं गाव औशाकडं. बा गावाचं पायताण शिवायचा. पाटलाच्या लेकीच्या लग्नाचे जोड शिवले, त्यातून कातड्याचे तुकडे उरले. त्या तुकड्यांतून बानं माझ्यासाठी इवलासा जोड केला. अंगठ्यावर लाल गोंडा. सात वर्षांची असेन मी. त्याआधी पायात कधी काही घातलं नव्हतं. बाच्या मागं मागं निघाले, लग्नाचे जोड पोचवायला. चावडीजवळ आलं की जोड हातात घ्यायचा, हे आमच्यातल्या लेकराला बोलायच्या आधी कळतं. त्या दिवशी मी विसरले. गोंड्याकडं बघत चालले होते.

चावडीवर पाटील बसलेले. म्हणाले, “ये पोरी, हिकडं ये. बघू काय घातलंस.”

मला वाटलं, कौतुक. मी पाय पुढं केला. दाखवायला.

पाटील बाला म्हणाले, “चांभारा, तुझ्या लेकीला पाय कवा फुटले रं?”

चावडी हसली. बा हात जोडून म्हनला, “चुकलं, मालक. लेकरू हाय.”

“लेकरू हाय तर शिकीव. ठेव तिच्या डोक्यावर.”

आन् ठेवला. माझ्या बानं, त्याच्या हातानं. कातड्याचा वास असलेल्या त्याच हातानं जोड माझ्या पायातून काढला आन् माझ्या डोक्यावर ठेवला. मी दोन्ही हातांनी धरून उभी. माझी सावली पायाखालून लांब होईस्तोवर उभी. जा म्हणाले तेव्हा मी पळाले. डोक्यावरचा जोड तसाच धरून घरापर्यंत पळाले. दुसऱ्या दिवशी बानं रापीनं त्या जोडाचे तुकडे केले. त्यावर तो मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

हे ऐकून बाई रडल्या होत्या. माझा हात धरून. म्हणाल्या, “मावशी, हे माझ्यापाशी सुखरूप राहील.”

आता सेनाइतचं सांगते.

दोन वर्षांमागं एक पोरगी आली, परदेशातून बाईंच्या कॉलेजात शिकायला आलेली. उंच, सावळी, केसांच्या बारीक वेण्या डोक्याला चिकटून घातलेल्या. रस्त्यावरची टवाळ पोरं मागून “ए हबशी” म्हणून ओरडत होती, ती मान ताठ ठेवून माझ्यापुढं येऊन बसली. पिशवीतून एक सँडल काढली. एकच. काळी, प्लास्टिकच्या पट्ट्यांची, उजव्या पायाची. म्हनली, “अम्मा, रिपेअर नको. फक्त साफ. हळू.” तिची भाषा अशी, अर्धी हिंदी, अर्धी मराठी. मी इथं माझ्या बोलीत लिहिते.

मी सँडल हातात घेतली. पट्ट्यापाशी प्लास्टिक वितळवून जोडलं होतं, चार ठिकाणी. लोखंड तापवून, फुगा न येऊ देता. मी म्हनलं, “हे आमच्यातल्या मानसाचं काम हाय. कुण्या चांभारानं केलं?”

“आईनं.”

“तुजी आई चांभारीन हाय?”

“नाही. आई शिपाई होती. डोंगरात. चाकू तापवून स्वतः चिकटवायची.”

तिचा देश इरिट्रिया. मला नाव धड घेता येईना. तिनं खडू घेऊन माझ्या पेटीच्या झाकणावर नकाशा काढला. हा लाल समुद्र, पलीकडं अरबस्तान, अलीकडं लांबडी पट्टी, ती आमची. आधी इटलीवाल्यांनी घेतली, मंग इंग्रजानं चालवली, मंग शेजारच्या इथिओपियानं गिळली. त्यावर तीस वर्षं लढाई. नऊ तऱ्हेचे लोक, नऊ भाषा, कुणी चर्चातलं, कुणी मशिदीतलं. गडी लढले तशा बाया लढल्या. आन् सगळ्यांच्या पायात हीच सँडल. ‘शिदा’ म्हणतात तिला. मोठ्या हुद्द्याच्या पायात हीच, भाकरी भाजणारीच्या पायातही हीच. डोंगराच्या आडोशाला कारखाना घालून बनवायचे. जिंकल्यावर राजधानीत, अस्मारात, भर चौकात हिचाच पुतळा केला.

“पुतळा? चपलेचा?” मी आरी खाली ठेवली.

“चपलेचा. माणसाचा नाही. ह्या झाडाच्या बुंध्यापेक्षा रुंद जोडी.”

मी कितीतरी वेळ त्या सँडलकडं बघत राहिले. म्हनलं, “मंग तुमच्यात चांभाराला लांब बसवत न्हाईत?”

ती खोटं बोलली नाही. म्हनली, “म्हातारी माणसं सांगतात, आधी होतं. लोहाराला, कातडं कमावणाऱ्याला कुणी पोरगी द्यायचं नाही. डोंगरात गेल्यावर सगळेच आपापलं पायताण सांधायला लागले. मग कोण कुणाला लांब बसवणार?”

मला माझा आजा आठवला. रझाकाराच्या वेळी निजामाशी लढणाऱ्या, हद्दीवरच्या कॅम्पातल्या पोरांना तो वहाणा शिवून द्यायचा. निजाम गेला, झेंडा चढला, गावात पेढे वाटले. आजा पेढा घेऊन चावडीपुढून घरी गेला, दुसऱ्या हातात आपला जोड घेऊन. हे मी सेनाइतला सांगितलं. ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. तिच्याकडं पण तसंच झालं. आई बंदूक ठेवून घरी आली. मंग आईच्याच बरोबरीनं लढलेल्यांनी पोराबाळांना वर्षानुवर्षं सक्तीच्या शिपाईगिरीत डांबलं. भाऊ त्यातून पळाला, वाळवंट तुडवत, पायात प्लास्टिकची सँडल. तिकडं कुठं गेला, जिवंत आहे का, ठाऊक नाही.

“मंग तुजी आई काय म्हनते?”

“आई म्हणते, माणसं फिरली. सँडल खोटी नव्हती.”

डावी सँडल आईजवळ, उजवी लेकीजवळ. पोरं घरी येतील तेव्हा जोड पुरा व्हायचा, असं ठरलंय त्यांचं.

ती मला ‘अदेय’ म्हणू लागली. त्यांच्यात आईला म्हणतात. एकदा तिनं मला आन् बाईंना खोलीवर कॉफीला बोलावलं. त्यांची कॉफी म्हणजे सणच. हिरव्या बिया समोर भाजायच्या, धूर प्रत्येकाच्या नाकापुढून फिरवायचा, कुटायच्या, मातीच्या लांब मानेच्या सुरईत उकळायच्या. बिनकानाचे इवलेसे कप. पहिला कप प्याले. मी उठले, मोरीत कप विसळला आन् दाराबाहेर पायरीवर पालथा घालून ठेवला. जिथं तिथं हेच केलेलं आयुष्यभर. हात मला विचारत नाहीत. सेनाइत बघतच राहिली. बाहेर गेली, कप आत आणला, माझ्यापुढं ठेवला, पुन्हा भरला. म्हनली, “अदेय, तीन कप असतात. तिसरा आशीर्वादाचा. तो प्यायल्याशिवाय उठायचं नाही.”

बाई दुसऱ्या कपाला उठल्या. त्यांची मीटिंग होती.

त्याच खोलीत तो कार्यक्रम ठरला. परदेशी पोरापोरींचा दिवस, प्रत्येकानं आपापल्या देशाचं काही दाखवायचं. बाईंनाच सुचलं. “सेनाइत, तू सँडलची गोष्ट सांग. मावशी, तुम्ही ती पुतळ्यासारखी मोठी जोडी करा. दोघी स्टेजवर बसा. एक सँडल घालून लढलेल्या आईची लेक, एक चपला शिवणारी मावशी. काय सुंदर होईल!” माझे डोळे भरून आले होते. हे पण लिहून ठेवते.

मी महिनाभर खपले. काळे प्लास्टिकचे डबे कापले, पट्ट्या काढल्या, लोखंड तापवून तापवून जोडल्या. दोन्ही हातांचे चटके अजून दिसतात. दीड हात लांबीची जोडी झाली. सेनाइतनं आईची उजवी सँडल माझ्या हातात दिली. “अदेय, ही दोन्हींच्या मधे ठेव. तुझ्याजवळ राहू दे कार्यक्रमापर्यंत. मला भीती वाटते हरवेल.” मी ती धुतलेल्या धडप्यात गुंडाळून पेटीत ठेवली. कार्यक्रमाच्या सकाळी सगळं बाईंच्या हवाली केलं. बाईंनी माझ्यासमोर टेबलावर मांडलं. स्वतः.

म्हणून मी दारात बसले तरी मनात म्हनलं, जाऊ दे, सँडल तर वर हाय. लोक तर बघतील.

तेवढ्यात कॉलेजचा शिपाई बाहेर आला. दोन्ही काखांत माझी मोठी जोडी, बोटात अडकवलेली आईची सँडल. माझ्याकडं बघेना. म्हनला, “मावशी, बाईंनी हितं ठेवाय सांगितलं. आत समई लावायची हाय, देवीचा फोटो हाय. पायतान चालत न्हाई म्हनले पावणे.”

“आन् बाई काय म्हनल्या?”

“बाई म्हनल्या, ने बाहेर. मी काय करू, माय?” जोडी ठेवली. सँडल ठेवली. सत्तर जोडांत ती एक काळी सँडल. एखाद्यानं रस्त्यात टाकून दिलेली असावी तशी.

आत समई लागली, टाळ्या वाजल्या. कर्ण्यातून बाईंचा आवाज आला. आवाज ओळखीचा, आन् शब्द त्याहून ओळखीचे. “...एक सात वर्षांची मुलगी. नव्या चपला. त्यावर लाल गोंडा. चावडीवर तिला थांबवलं जातं...”

मी भिंतीला कान लावला.

सगळं सांगितलं बाईंनी. पाटलाचं बोलणं जसंच्या तसं. बाचे हात. कातड्याचा वास. मी त्यांना सांगताना जिथं थांबले होते, तिथं त्यापण थांबल्या. शेवटी म्हणाल्या, “अशा अनेक अनाम स्त्रियांचा आवाज आपण व्हायला हवं.” हॉल टाळ्यांनी फुटला. अनाम. ती अनाम बाई भिंतीपलीकडं बसली होती, टाळ्या वाजवणाऱ्यांचे बूट राखत.

त्याच घडीला उशिरा आलेला एक पाहुणा पायऱ्या चढला. फोनवर बोलत बोलत बूट काढले. एक पडला आईच्या सँडलवर. त्यानं पायानंच बूट सरळ केला, सँडल बाजूला ढकलली. मला म्हनला, “ए म्हातारे, नीट बघ हां, नवे आहेत.”

मी सँडलकडं बघितलं. चार सांधे. त्यातला एक उकलला होता.

मी उठले. माझा जोड भिंतीपाशी होता, तो पायात घातला. मोठी जोडी काखेत घेतली. आईची सँडल पदरानं पुसली. एक घडी हात आपोआप वर चालला होता, डोक्याकडं. दोन्ही काखा भरल्या की आमचा हात तसा वर जातो. मी तो खाली आणला. सँडल छातीशी धरली.

आत गेले. चपला घालून. मधल्या वाटेनं. फरशीवर माझ्या टाचांचा आवाज होत होता, मी तो होऊ दिला. लोक वळून बघू लागले. बाई माईकपाशीच होत्या.

“मावशी! अहो, चपला...”

“हाव. चपलाच. घातल्यात.”

पाठ केलेलं भाषण एक अक्षर आठवलं नाही. मी टेबलावरचे हारतुरे सरकवले आन् समईशेजारी मोठी जोडी ठेवली, मधे आईची सँडल. पाहुण्यांनी खुर्ची मागं ओढली. मी माईकमधे म्हनलं, “आता बाईंनी सांगितली ती पोरगी मी हाय. मला नाव हाय. ह्यांना ते ठाऊक हाय. तवा माझ्या बानं डोक्यावर ठेवल्या, त्याला पाटलाचं भ्या होतं. बाई, तुमाला कुनाचं भ्या होतं?”

बाईंचं तोंड पांढरं. कुणीतरी मागून ओरडलं, “बाहेर घ्या तिला.” इतक्यात पडद्याआडून सेनाइत आली, काठाला रंगीत नक्षी असलेला पांढरा झगा घातलेली. मला बघून थबकली. धावत आली, माझे खांदे धरले. माईक चालूच होता.

“अदेय, तू तो बीमार थी ना? मॅडमने बोला, तू नहीं आई.”

सेनाइतनं बाईंकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं, स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघितलं. पायऱ्या उतरली, सगळ्यांसमोरून बाहेर गेली, सत्तर जोडांतून आपल्या चपला शोधून पायात घातल्या आन् परत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मंग एकच वाक्य बोलली, “ये मेरी माँ की है.” आम्ही सँडल घेतली, मोठी जोडी तिथंच समईपाशी सोडली आन् निघालो. उचलायची असेल तर त्यांनी उचलावी, आपल्या हातानं.

टाळी एकानंही वाजवली नाही.

तीन दिवसांनी बाई लिंबाखाली आल्या. डोळे सुजलेले. खोटे नसतील, मी तसं म्हणणार नाही. “मावशी, गैरसमज झाला. माझ्यावर किती दडपण होतं, तुम्हाला कल्पना नाही. पण तुम्ही असं सगळ्यांसमोर... माझी अकरा वर्षं तुम्ही एका मिनिटात पुसली.”

मी म्हनलं, “सेनाइतला मी बीमार हाय असं तुमीच सांगितलं ना?”

त्या नेहमीसारख्या पोत्यावर बसायला वाकल्या. मी पोतं ओढून घेतलं, घडी घातली आन् माझ्या मांडीखाली ठेवलं. बाई उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा, बाकीच्या गिऱ्हाइकांसारख्या.

“काम असलं तर करून देईन, बाई. पायताण कुनाचंबी सांधते मी. पर ती गोष्ट परत द्या. पुन्हा सांगायची न्हाई, लिहायची न्हाई, कुण्या कार्यक्रमात न्हाई. ती माझी हाय.”

त्या गेल्या. मला मोकळं वाटलं नाही. धाकटी बहीण गेल्यासारखं वाटलं, आन् अजून वाटतं. सँडलचा उकललेला सांधा त्या दिवशी मी पुन्हा जोडला. आईचे चार सांधे, माझा त्यातल्याच एकावर दुसरा थर. नीट बघितलं तर ओळखू येतो.

आन् घरी जाऊन मी वही काढली. ही तीच वही. माझी गोष्ट आता मी लिहीन, चुकत माकत, पण मी. मला कुठं बोलवायचं असलं तर पायातल्या चपलेसकट बोलवा. दारात मी बसणार नाही.

आणखी एक ठरवलंय. कातड्याच्या तुकड्यांतून एक जोड शिवून राहिले आहे, माझ्या मापाचा. अंगठ्यावर लाल गोंडा. सून हसते, “ह्या वयात गोंडा, आत्या?” हसू दे. झाला की औशाची गाडी धरणार, तिथून गावाला जाणार. चावडी अजून आहे म्हणतात, रंग दिलाय नवा, पाटलाचा नातू बसतो तिथं. भर दुपारी जाणार, सगळी बसलेली असताना. चावडीपुढून जोड पायात घालून जाणार.

तेव्हा पळाले होते. ह्या वेळी हळू चालणार.